दाखल-खारीज

दिवाळी मागे पडली, कार्तिक उतरणीला लागला, की जालन्याहून अंबडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाभळींना कापूस लागतो. लागत नाही खरं तर, अडकतो. शिगोशीग भरलेली वाहनं जातात, पूर्वी बैलगाड्या जायच्या, आता ट्रॅक्टर आणि टेम्पो जातात, आणि जाता जाता काट्यांवर पांढरे पुंजके ठेवून जातात. माझी नातवंडं गाडी थांबवून त्याचे फोटो काढतात. मला मात्र ते पुंजके दिसले की उजव्या हाताची बोटं हुळहुळायला लागतात. लांबून कुणीतरी माझं नाव पुकारतंय असं वाटतं आणि मी "हजर" म्हणायच्या बेतात येते. साठी उलटून गेली, पण ही खोड काही गेली नाही.

यंदा या रस्त्यानं जायचं मी दोन महिने टाळत होते. धाकट्या भावाच्या नातीला पुढच्या वर्षीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी जातीचा जुना पुरावा हवा होता. घरातून शाळेत गेलेली पहिली मी, त्यामुळे घरातली सगळ्यात जुनी शाळेची नोंदही माझीच. तिचा उतारा काढून आणायचा, एवढंच काम. भाऊ म्हणाला, "अक्का, अर्ध्या तासाचं काम हाये." मी म्हटलं, गुडघा दुखतोय. मग म्हटलं, लग्नं आहेत. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नर्स होते मी. लोकांचे बहाणे ऐकून ऐकून माझ्याकडे भरपूर साठा आहे. पण वेचणी सुरू झाली आणि बहाणे संपले.

आमची शाळा दोन खोल्यांची, चौथीपर्यंतची. मी सांगतेय तेव्हा मोठ्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली होती. दुष्काळी कामांवर मिळणाऱ्या सुकडीची चव जिभेवरून अजून गेली नव्हती. पाऊस बरा झाला होता आणि रानं पांढरी फुटली होती. वेचणी लागली की वर्ग ओस पडायचा, कारण आमच्या वस्तीतली झाडून सगळी पोरं आयांच्या मागं शेतात असायची. कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधायची आणि तिच्यात कापूस भरत ओळ धरून पुढं सरकायचं. सकाळी दव असायचं, कापूस बोटांना चिकटायचा. ऊन चढलं की बोंडांच्या वाळक्या नख्या टोकदार व्हायच्या आणि नखाच्या कडेला बरोबर घुसायच्या. अंगावर माईच्या, माझ्या आईच्या, लुगड्याचा शिवलेला एकच फ्रॉक होता, तोही कापसाच्या पऱ्हाट्यांत अडकून अडकून पाठीत उसवलेला. दिवसभर कापसात वावरणाऱ्या पोरींच्या अंगावर धड कापड नाही, ही गोष्ट तेव्हा आम्हाला विचित्र वाटत नव्हती. आता वाटते.

अकराच्या सुमाराला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गुरुजी येऊन उभे राहायचे. पांढरा पायजमा, काखेत हजेरीपट. गुरुजी भोकरदनकडचे, चांगल्या खात्यापित्या शेतकरी घरातले, पण आमच्या गावात खोली घेऊन राहिलेले. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा पोरांकडे न्यायची, असा त्यांचा खाक्या. ते तिथूनच हजेरी घ्यायचे.

"वत्सला किसन!"

"हजर!" मी पऱ्हाटीतून ओरडायची. झाडं डोक्याइतकी उंच, त्यामुळे पोर दिसायचं नाही, आवाज तेवढा यायचा. रानभर हजर, हजर असं उठायचं. शेताचे मालक हसून म्हणायचे, "गुरुजी, आता फळाबी धुऱ्यावरच आना की." गुरुजी म्हणायचे, "आणतो ना पाटील. तुम्ही पऱ्हाटीला घंटा बांधा." मग ते तिथूनच पाढा म्हणायला लावायचे. आम्ही तेरा एके तेरा करत वेचायचो आणि बायाबापड्या आमच्यासोबत चुकीचे तेरा म्हणायच्या. एकदा वस्तीतली शेवंता तापानं घरी पडली होती. तिचं नाव पुकारलं तर माझ्या माईनंच बारीक आवाज काढून "हजर" ठोकून दिलं. सगळं रान हसलं. गुरुजीही हसले, आणि त्यांनी तिची हजेरी लिहिली. खोटं इतक्या प्रेमानं लिहिता येतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला ते फार आवडलं होतं.

गुरुजी आमच्या वस्तीत येऊन चहा प्यायचे. आमच्या कपातून, आमच्या ओट्यावर, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे बसून. त्या काळात त्या गावात याचा अर्थ काय होता, हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सगळं गाव 'किसन्या' म्हणून हाक मारायचं. गुरुजी 'किसनराव' म्हणायचे. गुरुजी गेल्यावर दादा तो कप स्वतः विसळायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

दादांचा जीव एका शब्दात होता. मी जन्मायच्या आधी त्यांनी दीक्षा घेतली होती. घरातले देव विहिरीत सोडले होते, गावकीची कामं सोडली होती आणि त्यापायी मारही खाल्ला होता. पण कुठल्या सरकारी कागदावर अजून काही लिहिलेलं नव्हतं. मला शाळेत घातलं तेव्हा ती वेळ आली. शाळेत एक जाडजूड रजिस्टर असतं, त्याला आमच्याकडे दाखल-खारीज म्हणतात. पोर शाळेत आलं की दाखल, गेलं की खारीज. नाव, जन्मतारीख, धर्म, जात, सगळं त्यात. गुरुजींनी लिहिलं आणि दादा म्हणाले, "काय लिव्हलं ते वाचून दावा."

"वत्सला किसन. धर्म बौद्ध."

"बोट ठिवून दावा, कुठं हाये ते."

गुरुजींनी दाखवलं. दादांनी स्वतःचं बोट त्या शब्दावर ठेवलं आणि एकेक अक्षर लावून वाचलं. शाई ओली होती. बोट उचललं तर शब्दाच्या शेजारी निळा डाग पडला. दादा घाबरले, "गुरुजी, खराब झालं का हो?" गुरुजी म्हणाले, "नाही किसनराव. पक्कं झालं." घरी येईपर्यंत दादा ते निळं बोट हातात धरल्यासारखं पुढं करून चालत होते.

दादांची अक्षरओळख कामावरची. मुकादमाच्या कागदात डोकावून डोकावून शिकलेली. सही मात्र यायची. आधी सगळी अक्षरं सुटी काढायची, मग वरून एकदाच रेघ ओढायची, आणि ती रेघ दर वेळी नावाच्या पुढं बोटभर निघून जायची. मी हसायची. ते म्हणायचे, "राहू दे गं, पुढं कोनी आलं तर त्याला जागा हाये." गुरुजींचं अक्षर याच्या अगदी उलट. डौलदार, आणि शिरोरेघ शब्द जिथं संपला तिथंच थांबणारी, केसभर पुढं नाही की मागं नाही. मी त्यांचं अक्षर गिरवून गिरवून माझं घडवलं. पुढं दवाखान्यात डॉक्टर माझ्या नोंदी वाचून म्हणायचे, सिस्टर, छापलंय की लिहिलंय? मी मनातल्या मनात गुरुजींना नमस्कार करायची.

तर त्या वर्षी, मी चौथीत असताना, वेचणीच्या सुरुवातीलाच गुरुजींनी मला शेतातून बोलावून घेतलं. शाळेत दुसरं कुणी नव्हतं. टेबलावर एक छापील कागद होता. केंद्र सरकारची योजना आली होती. खालच्या समजल्या गेलेल्या जातींच्या पोरांना अंगावर कापड, पाटी, पुस्तकांचा संच. मात्र पोर रोज हजर पाहिजे आणि यादी जातीसकट पाहिजे. गुरुजी म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे. यादी तू लिही. साहेब खूश झाले पाहिजेत."

मला आभाळ ठेंगणं झालं. मी पट्टीनं रकाने आखले. आमच्या वस्तीतली अकरा पोरं. माझं नाव पहिलं लिहिलं. मग गुरुजींनी जातीच्या रकान्यात काय लिहायचं ते सांगितलं. आमचा जुना शब्द. दादांनी ज्याच्यावर पाणी सोडलं होतं तो. तो शब्द मी इथं लिहिणार नाही. त्या दिवशी अकरा वेळा लिहिला, तेवढा पुरे.

मी थांबले. म्हटलं, "गुरुजी, आमी तर बौद्ध हावोत."

"मला ठाऊक न्हाई का ते? पण हा कागद दिल्लीचा आहे. दिल्लीच्या यादीत तो शब्दच न्हाई. तो लिहिला तर कापड न्हाई, पाट्या न्हाई, काहीच न्हाई."

"पन दादा..."

"दादाला कशाला सांगायचं? त्यांनी रजिस्टरात लिहून घेतलंय ते तसंच राहील. मी बिलकुल हात लावणार न्हाई. हे नुसतं कागदापुरतं."

कागदापुरतं. पुढं आयुष्यभर हा शब्द मी शंभर तोंडांतून ऐकला. ज्यांच्याकडे जमीन असते, वाडे असतात, चार पिढ्यांची ओळख असते, त्यांच्यासाठी कागद हा कागदापुरता असतो. दादांकडे त्या एका निळ्या शब्दाशिवाय होतं काय? पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी दहा वर्षांची होते, पाठीत फ्रॉक उसवलेला होता आणि समोर गुरुजी होते. राज्य सरकारच्या सवलतीत आमचा शब्द चालायचा आणि केंद्राच्या सवलतीत चालायचा नाही. एकच पोर मुंबईला बौद्ध आणि दिल्लीला नाही, हे मोठ्या माणसांना जुळवता येत नव्हतं, मला काय येणार! मी लिहिलं. आणि वर सांगते, सुंदर लिहिलं.

ती वेचणी मला अशी आठवते की तोंडात काहीतरी धरून ठेवलंय आणि गिळताही येत नाही. सकाळी धुक्यात रानात जाताना दादा पुढं चालायचे. मध्येच थांबून म्हणायचे, "शिकून राह्यली ना बराबर?" मी मान हलवायची. गुरुजींची हजेरी त्या वर्षी एक दिवसही चुकली नाही. धुऱ्यावर उभे राहून ते आमची नावं पुकारायचे आणि आयांना वाटायचं, काय माणूस आहे, लेकरांपायी एवढं उन्हातान्हात येतो. मलाही तसंच वाटायचं. पण आता कागद मी पाहिला होता, 'रोज हजर' ही अट मी वाचली होती. ते आमच्यासाठी येत होते का यादीसाठी, हा प्रश्न मी आजही सोडवू शकलेले नाही. दोन्हीसाठी येत असतील. माणूस एका वेळी दोन कामं करू शकतो.

आणि मला ते कापड हवं होतं. हे लपवून काय करू? आकाशी रंगाचं असेल, असं गुरुजी म्हणाले होते. ओटीतल्या कापसात हात घालून मी ते कापड कसं लागेल याचा अंदाज घ्यायची.

वाटप प्रजासत्ताक दिनाला ठेवलं. मैदान शेणानं सारवलेलं, झेंड्याला झेंडूची माळ. तालुक्याहून साहेब आलेले. टेबलावर निळ्या कापडाचे तागे, त्यांना खळीचा वास. वस्तीतले सगळे धुतल्या कपड्यांत आलेले, दादा सगळ्यांत पुढं. गुरुजींनी त्यांना "या किसनराव" म्हणून खुर्चीही दिली. दादा खुर्चीच्या कडेवर बसले होते.

साहेबांनी यादी हातात घेतली आणि वाचायला सुरुवात केली. मला वाटलं नाव वाचतील. त्यांनी नाव वाचलं, वडिलांचं नाव वाचलं आणि जात वाचली. ध्वनिक्षेपकावरून. तो शब्द मैदानभर गेला, देवळापर्यंत गेला. पाटलांच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मी पुढं जायला उठले आणि दादाही उठले.

"साहेब, जरा कागद दावता का?"

साहेबांनी यादी दिली. दादांनी बोट ठेवलं. त्यांना वाचायला वेळ लागायचा. सगळं मैदान थांबलं होतं. मी मनात म्हणत होते, गुरुजी सांगतील आता. दिल्लीची भानगड समजावून सांगतील. दादांना ते सांगू शकतात, दादा त्यांचं ऐकतात. दादांनी तो शब्द वाचला, मग अक्षराकडे नीट पाहिलं. माझं अक्षर त्यांना ठाऊक होतं, रोज पाटीवर पाहायचे.

"गुरुजी, हे कोनं लिव्हलं?"

गुरुजींनी एकदा साहेबांकडे बघून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून हसत म्हणाले, "पोरीनंच लिहिलंय किसनराव. तिनंच सांगितलं, तसं आम्ही धरलं. लेकरू आहे, चुकलं असंल."

तो हात अजून माझ्या डोक्यावर आहे. इतक्या वर्षांत किती वेळा केस धुतले, तो काही निघाला नाही. मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणायला हवं होतं की तुम्ही सांगितलंत, तुम्ही मला शेतातून बोलावलंत. पण गुरुजी खोटं बोलतात हे वाक्य माझ्याकडे तयारच नव्हतं. दादांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी, एखाद्या घरात आपण चुकून शिरलो की माणूस जसं बघतो, तसं पाहिलं.

साहेब म्हणाले, "यादीत चूक असेल तर वाटप थांबवावं लागेल. अकराच्या अकरांचं."

मागून एक बाई कळवळून म्हणाली, "किसन भाऊ, लेकरं उघडी हायेत." दादांनी मागं वळून त्या सगळ्या लेकरांकडे पाहिलं. मग यादी टेबलावर ठेवली.

"चुकी न्हाई साहेब. वाटा."

साहेबांनी सहीसाठी पेन पुढं केलं. दादांनी पेन घेतलं नाही, अंगठा पुढं केला. गुरुजी म्हणाले, "अहो, तुम्हाला सही येती ना?"

"आता न्हाई येत," दादा म्हणाले.

त्या दिवसानंतर दादांनी कधी सही केली नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर अंगठा, अंबडच्या वसतिगृहाच्या फॉर्मवर अंगठा, माझ्या लग्नाच्या कागदांवर अंगठा. कुणी विचारलं तर म्हणायचे, "नजर गेली." नजर चांगली होती त्यांची, आभाळातली घार ओळखायचे. मला कळायचं की ही शिक्षा मला आहे. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही, तू असं का लिहिलंस. आणि मीही सांगितलं नाही. निळ्या कापडाचा फ्रॉक माईनं शिवला. छान झाला होता, दोन वर्षं टिकला. त्या पाट्यांवर, त्या पुस्तकांवर आमच्या वस्तीतली पोरं शिकली, दोघं-तिघं नोकरीला लागली, हेही खरं. खोटी नाही ती मदत. म्हणून तर तिच्यावर धड राग काढता येत नाही.

उन्हाळ्यात चौथी पास झाले आणि शाळा सोडल्याचा दाखला आणायला मी एकटीच गेले. कडुलिंबाला मोहर आला होता, खोलीभर त्याचा कडवट गोड वास. गुरुजींनी दाखला लिहून दिला. मी वाचला. जातीच्या रकान्यात तोच शब्द. मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही तर म्हणले होते रजिस्टरला हात लावनार न्हाई."

गुरुजींनी दौतीचं झाकण लावलं. "मी कुठं लावला? तुझे दादाच आल्ते. सही करून बदलून गेले. त्यांना पटलं शेवटी. पोरीच्या भल्यासाठी बापाला करावं लागतं."

मी घरी आले ती वेगळीच होऊन आले. म्हणजे दादा स्वतः गेले होते. मला आयुष्यभराची शिक्षा देऊन, मैदानात अंगठा पुढं करून, मागच्या दारानं जाऊन सही करून आले होते. जेवताना मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. माझ्या मनातला एक मोठा माणूस त्या दिवशी लहान झाला. मी आणखी काही विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची सवय तिथून पुढं पक्की झाली.

एकदाच बोलले, तेही भांडणात. नोकरी लागली होती, तोंड सुटलं होतं. दादा कशावरून तरी म्हणाले, "मानसानं शब्दाला जागावं." मी फाडकन म्हटलं, "तुमी तरी कुठं जागलात?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाले, "कोन्त्या शब्दाला, बाई?"

मी सांगितलं नाही. ताट उचलून आत गेले. त्यांना काय वाटलं असेल? वाटलं असेल, स्वतःचं झाकायला पोरगी बापावर उलटतेय. पुढच्या वर्षी ते गेले. अंत्यविधीला सगळी वस्ती होती, वंदना झाली, त्यांचा शब्द, बौद्ध, भंतेजींनी मोठ्यानं म्हटला. मी कोरड्या डोळ्यांनी उभी होते.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी गुरुजी माझ्या वॉर्डात आले, पेशंट म्हणून. वाळून गेले होते, पण पायजमा तसाच पांढरा. मला ओळखून त्यांचे डोळे भरले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगू लागले, "हिला मी पऱ्हाटीतून उचलून शाळेत आणली. आज बघा." खोटं नव्हतं त्यात काही. मग माझा हात धरून म्हणाले, "तुझे वडील फार समजूतदार. बराबर समजून घेतलं त्यांनी." मला विचारायचं होतं, गुरुजी, त्या दिवशी माझ्या डोक्यावर हात ठेवून माझं नाव का घेतलंत? पण सलाईन संपत आलं होतं. मी बाटली बदलली. त्यांना आठ दिवस मी माझ्या घरची भाकरी-भाजी नेऊन दिली. त्यांनी ती आवडीनं खाल्ली.

यंदा शाळेत गेले तर इमारत नवी, रंग पोपटी, भिंतीवर मुळाक्षरं. मुख्याध्यापिका तरुण, हसऱ्या, मला मॅडम म्हणत होत्या. त्यांनी कपाटातून जुनं दाखल-खारीज काढलं, वरची धूळ पदरानं झटकली. पानं पिवळी पडून काठाला मोडत होती. माझं नाव सापडलं. 'बौद्ध' या शब्दावर तांबडी रेघ होती आणि वर जुना शब्द. शेवटच्या रकान्यात शेरा होता, 'पालकांच्या विनंतीवरून दुरुस्त'. त्याखाली सही, किसन तुकाराम.

मी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

अक्षरं डौलदार होती. शिरोरेघ सरळ, नाव जिथं संपलं तिथंच थांबलेली, केसभर पुढं नाही. ते अक्षर मी गिरवलेलं आहे. माझ्या हातात आजही तेच अक्षर आहे. खाली तारीख होती नोव्हेंबरची. वाटप जानेवारीत झालं होतं. वेचणी नुकती लागली होती तेव्हाची ही तारीख, मी यादी लिहिली त्या आठवड्यातली. म्हणजे धुऱ्यावर उभे राहून ते माझं नाव पुकारत होते, मी हजर म्हणत होते, तेव्हाच हे झालेलं होतं.

गुरुजींनी दादांना सांगितलं की पोरीनं केलं. मला सांगितलं की बापानं केलं. आणि आम्ही दोघं एका ओट्यावर, एका ताटात, यावर एकमेकांशी न बोलता जन्मभर बसलो. दादा गेले ते पोरीनंच केलं हे खरं मानून गेले. रागावू कुणावर? ज्यानं मला अक्षर दिलं त्याच्यावर रागवायलाही मला त्याचंच अक्षर वापरावं लागतं.

"बरं झालं मॅडम," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "त्या वेळच्या गुरुजींनी दुरुस्ती करून ठेवली ते. जुना उल्लेख असला की पुढचं काम जल्दी होतं. लोकांना मिळत नाही हो असा पुरावा."

रेघेखालच्या शब्दाच्या शेजारी एक निळा डाग होता, फिकट झालेला, बोटाच्या आकाराचा. मुख्याध्यापिकांना तो नुसता सांडलेल्या शाईचा वाटला असेल. मी त्यावर माझं बोट ठेवलं. माझं बोट त्याच्यापेक्षा लहान होतं.

उतारा लिहून झाला. मुलीला तो लागणार होता, म्हणून मी तो घेतला. दादांनी त्या दिवशी जसं 'वाटा' म्हटलं तसा. मुख्याध्यापिकांनी अर्ज पुढं केला. "इथं सही करा. चौकटीत. लग्नाआधीचं नाव लिहा, वडिलांच्या नावासकट."

मी अक्षरं सुटी काढली. वत्सला. किसन. मग वरून रेघ ओढली, आणि दादांच्या नावापाशी आल्यावर ती थांबवली नाही.

"मॅडम, रेघ चौकटीच्या बाहेर गेली," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

म्हटलं, "जाऊ द्या."